साइटीची शाकारणी

१ जून ते ३१ जुलै या दोन महिन्यांत महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते. सरकारी पत्रकात कारण दिलेलं असतं की हा माशांच्या विणीचा हंगाम आहे. रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरात हा दुरुस्तीचा हंगाम असतो. ट्रॉलर एकमेकांना खेटून बांधलेले, छोट्या होड्या काठावर ओढून शाकारलेल्या. कोणी तळाला चिकटलेली कालवं खरवडत असतो, कोणी इंजीन उघडून आत बघत बसलेला असतो, आणि त्याच्याभोवती चारजण तरी असे उभे असतात, ज्यांना इंजिनातलं काही कळत नाही पण बोलल्याशिवाय राहवत नाही. या दिवसांत जो काहीच दुरुस्त करत नाही त्याच्या घरी काहीतरी बिनसलंय, असं लोक धरून चालतात.

माझ्याकडे बोट नाही. बंदराच्या रस्त्याला माझं दुकान आहे: जाळी, दोऱ्या, फ्लोट, शिसं, गमबूट. आणि एक वेबसाइट आहे, २००१ सालची. तेव्हा मी ती दुरुस्तीला काढली.

वेबसाइट माझी स्वतःची. दुकानाची नव्हे, हे मुद्दाम सांगतो. दुकानाला साइट लागत नाही, दुकानाला उधारीची वही लागते. साइटीवर माझा एक फोटो, मिरकरवाड्याला येणाऱ्या माशांची सचित्र माहिती, भरती-ओहोटीचं गणित, रत्नदुर्ग किल्ल्यावरून दिसणाऱ्या सूर्यास्ताचं वर्णन आणि चार कविता होत्या. कवितांना कोणी हरकत घेतली नाही, कारण त्या कोणालाच वाचता आल्या नव्हत्या. त्याचं कारण पुढे येईल.

त्या काळच्या साइटींचा एक थाट होता आणि माझी त्या थाटात कुठे कमी नव्हती. शिरोभागी गडद निळ्या पाटीवर पिवळीधमक अक्षरं. त्याखाली डावीकडून उजवीकडे पोहणारा मासा. 'स्वागत असो' ही ओळ उजवीकडून डावीकडे सरकणारी, त्यामुळे दर वेळी मासा आणि स्वागत यांची मध्यावर टक्कर व्हायची. एका कोपऱ्यात फावडं मारणारा कामगार आणि 'बांधकाम चालू आहे'. तो कामगार वीसएक वर्षं फावडं मारत होता. एवढ्यात एखाद्या बंदराचा धक्का पुरा झाला असता, असं मी म्हणणार होतो, पण नाही म्हणत. तळाशी पाहुणे मोजणारा काउंटर. त्या काळी सगळेच काउंटर एकापासून सुरू करत नसत, एवढंच त्याबद्दल सांगतो. आणि त्याच्याही खाली ती सुप्रसिद्ध सूचना: ही साइट इंटरनेट एक्सप्लोररमध्ये, ८०० बाय ६००च्या पडद्यावर उत्तम दिसते. घरी जेवायला बोलवायचं आणि येताना अमुक चष्मा लावून या म्हणायचं, अशी ही रीत होती, आणि कोणाला त्यात वावगं वाटत नसे.

पुण्याला माझी पुतणी असते. हिंजवडीत वेबसाइटी तपासायचं काम करते. गेल्या पावसाळ्यात घरी आली तेव्हा तिने फोनवर माझी साइट उघडली, आणि थोडा वेळ काही बोलली नाही.

"काका, हे काय आहे?"

"माझी साइट."

"ते समजलं. पण हे लिहिलंय काय?"

मी बघितलं. 'रत्नागिरी' या शब्दाच्या जागी इंग्रजी आर, ए, मग टक्क्याची खूण, मग एन, मग दोन ए असं काहीबाही दिसत होतं. बघणाऱ्याला वाटावं, रत्नागिरीवर काही टक्के सूट आहे. ब्राउझरनेही वर पट्टी काढून अदबीने विचारलं होतं की हे पान भाषांतर करून हवं का. कुठल्या भाषेतून, हे त्यालाही ठरवता येत नव्हतं.

हे कसं झालं ते तरुण मंडळींना सांगायला हवं. २००१ साली संगणकावर मराठी लिहायचं म्हणजे संगणकाला फसवायचं. आत सगळी इंग्रजी अक्षरंच असायची. फॉन्ट त्यांच्यावर मराठी मुखवटे चढवायचा. तो फॉन्ट वाचकाच्या संगणकात असला तर मराठी, नसला तर टक्के सूट. प्रत्येक फॉन्टवाल्याचे मुखवटे वेगळे, त्यामुळे एकाच्या फॉन्टमधला मजकूर दुसऱ्याच्या फॉन्टमध्ये उघडला की तिसरीच भाषा निघायची. इंटरनेट एक्सप्लोररला पानाबरोबर फॉन्ट आपोआप उतरवून देण्याची एक सोय होती, म्हणून तर ती चष्म्याची सूचना. १५ जून २०२२ला मायक्रोसॉफ्टने इंटरनेट एक्सप्लोररला निवृत्त केलं. जगभर लोकांनी विनोद केले. आमच्याकडे पाऊस धो धो होता, कोणाच्या लक्षात आलं नाही.

"पण युनिकोड होतं की तेव्हा," पुतणी म्हणाली.

होतं. युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ची आणि देवनागरी त्यात पहिल्यापासून आहे. पण कागदावर असणं आणि सायबर कॅफेत असणं यात फरक आहे. विंडोज २०००बरोबर मंगल हा युनिकोड फॉन्ट आला. आमच्या कॅफेत विंडोज ९८ होतं आणि मालक ते बदलायला तयार नव्हता, कारण त्याच्या मते चालतंय ते बदलायचं नसतं. या तत्त्वावर मिरकरवाड्यात अजूनही काही इंजिनं चालतात.

तेव्हा पहिलं काम निघालं ते मजकूर युनिकोडमध्ये आणण्याचं. जुन्या फॉन्टमधून युनिकोडमध्ये मजकूर नेणारे कन्व्हर्टर मिळतात आणि ते नव्वद टक्के काम चोख करतात. उरलेल्या दहा टक्क्यांत कोकण असतं. आमच्या शेजारचा मिऱ्या डोंगर त्यातून 'मिर्या' होऊन बाहेर पडला. माझ्या दोऱ्यांच्या 'दोर्या' झाल्या, किनाऱ्याचा 'किनार्या' झाला, वाऱ्याचं तर विचारू नका. मराठीतला तो आडवा झोपलेला र हिंदीला लागत नाही, म्हणून पुष्कळ यंत्रांना तो आहे हेच माहीत नसतं. युनिकोडमध्ये त्याच्यासाठी नुक्त्याचा ऱ वेगळा दिलेला आहे. तो टाकला की र निमूट आडवा होतो. समुद्रकाठच्या माणसाच्या लिहिण्यात वारे, किनारे, दोऱ्या आणि सुऱ्या सोडून फारसं काही नसतंच, त्यामुळे माझी अर्धी साइट याच कामात गेली.

याच ओघात कविता पहिल्यांदा वाचण्याजोग्या झाल्या. पुतणीने त्या वाचल्या आणि सांगितलं की कवितांना आधुनिक मानकांत बसवण्याची काही तरतूद नाही.

आणखी एक गोष्ट मला कोणी सांगितली नव्हती. पानाच्या अगदी पहिल्या टॅगमध्ये, वाचकाला न दिसणाऱ्या जागी, पानाची भाषा लिहायची असते. मराठीसाठी 'एमआर' ही दोन अक्षरं. ती लिहिली की चांगले फॉन्ट आपला ल आणि श मराठी वळणाचे काढतात. नाही लिहिली तर हिंदी वळणाचे. मुंबईच्या 'एक टाइप' या मंडळींनी केलेला मुक्त हा फॉन्ट मी घेतला, फुकट मिळतो आणि वाचायला स्वच्छ आहे. दोन अक्षरांनी ल सरळ होतो हे मी चहाच्या टपरीवर सांगितलं. एका खलाशाने विचारलं, "आणि ती नाय लिवली तर मासा कमी मिलतो काय?" बंदरावर ज्ञान वाटायला गेलं की असं होतं.

आता मानकांकडे येतो. पुतणीने साइट तपासनिसाच्या हवाली केली. तपासनीस म्हणजे माणूस नव्हे, वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमचा व्हॅलिडेटर: आपला पत्ता टाकायचा, तो चुका वाचून दाखवतो. त्याने वाचायला सुरुवात केली आणि यादी पडद्यात मावेना. हा टॅग कालबाह्य. तो टॅग बंद केलेला नाही. हा बंद केलाय पण उघडलाच नव्हता. फॉन्ट टॅग कालबाह्य, सेंटर टॅग कालबाह्य. माझा सगळा तरुणपणा त्याने कालबाह्य ठरवला, आणि वर प्रत्येक ठिकाणी ओळ क्रमांक दिला.

माझी अडचण चुकांची नव्हती, मानकांची होती. डिसेंबर १९९९मध्ये एचटीएमएल ४.०१ आलं. ते मी पुस्तक विकत आणून शिकलो. जानेवारी २०००मध्ये एक्सएचटीएमएल आलं. त्यात टॅग बंद केला नाही तर गुन्हा. मग ते मागे पडलं. २८ ऑक्टोबर २०१४ला एचटीएमएल ५ अधिकृत झालं. मे २०१९मध्ये कन्सॉर्शियमने ब्राउझरवाल्यांच्या गटाशी तह केला आणि ठरलं की यापुढे एकच मानक, आणि त्याला आकडाच नाही. त्याचं नाव जिवंत मानक. ते सारखं बदलत असतं.

यावर मी वैतागलो, पण बंदरावर कोणी वैतागलं नाही. इथल्या लोकांना जिवंत मानकांची सवय आहे. ट्रॉलच्या जाळ्याच्या शेवटच्या टोकाला ४० मिलिमीटरची चौकोनी आस (जाळीचं भोक) हवी, म्हणजे बारकी पिल्लं निसटतील, हा नियम आला तेव्हा दुकानात माझ्यासमोर जेवढी चर्चा झाली तेवढी कन्सॉर्शियममध्ये झाली नसेल. जुन्या जाळ्याची आस ताण बसला की मिटते आणि मोठ्या आसेचाही उपयोग राहत नाही. चौकोनी आस ताणातही उघडी राहते. नियम शहाणपणाचा आहे. तरी गिऱ्हाईक पहिल्यांदा विचारतं, "जुनं चालेल ना?"

साइटीचंही तेच. माझं पहिलं वाक्य होतं, "जुनं चालेल ना?"

आणि गंमत ऐका, चालतं! सरकणाऱ्या ओळीचा मार्की टॅग घ्या. मानकात लिहिलंय की हा कालबाह्य आहे, लेखकांनी मुळीच वापरू नये. आणि त्याच मानकात पुढे सविस्तर सांगितलंय की कोणी वापरलाच, तर ब्राउझरने ओळ कशी आणि किती वेगाने सरकवायची. मला हा नियम फार आवडला. त्यात मराठी घर आहे. असं करू नये, असं बजावायचं, आणि मुलगा करणारच हे धरून त्याच्यासाठी जेवण झाकून ठेवायचं. लुकलुकणाऱ्या ब्लिंक टॅगच्या नशिबी एवढी माया नव्हती. ऑगस्ट २०१३मध्ये फायरफॉक्सनेही त्याला काढून टाकलं आणि तो गेला. फ्लॅश गेलं ते ३१ डिसेंबर २०२०ला. माझा पोहणारा मासा फ्लॅशमधला होता. त्याच्या जागी आता राखाडी चौकोन पोहत होता, म्हणजे पोहतही नव्हता.

यातून मला एक गोष्ट उमगली, ती सांगून टाकतो, कारण पुतणीलाही ती नवी होती. २००१ सालच्या माझ्या साइटीतलं जे जे मेलं, ते ते कुठल्यातरी कंपनीचं होतं. फॉन्ट कंपनीचा, मासा कंपनीचा, काउंटर एका परदेशी कंपनीच्या संगणकावर, ती कंपनी बंद. जे सगळ्यांचं होतं, साधं एचटीएमएल, ते चुकांसकट जिवंत. परिच्छेद होते तिथे होते, दुवे होते तिथे होते, सेंटर टॅग कालबाह्य म्हणून हिणवला गेलेला, पण मजकूर अजून बरोबर मध्यावर.

पण चालतंय म्हणून सोडायला पुतणी तयार नव्हती. "काका, ही साइट वाचणार कोण?" तिने विचारलं. मी म्हणालो, सगळे. "मग सगळ्यांना वाचता येते का ते बघू."

इथे फोटोंचं प्रकरण सुरू झालं. प्रत्येक चित्राला पर्यायी मजकूर द्यायचा असतो. ज्याला दिसत नाही त्याचा फोन तो मजकूर मोठ्याने वाचतो. पुतणीने फोनमधलं टॉकबॅक सुरू केलं, मला डोळे मिटायला सांगितलं आणि माझंच मत्स्यदालन मला ऐकवलं. तो बाई-आवाज म्हणाला: डी एस सी शून्य शून्य चार सात डॉट जेपीजी. मग: डी एस सी शून्य शून्य चार आठ डॉट जेपीजी. हा बांगडा होता आणि ती सुरमई होती. कॅमेऱ्याने फाइलीला दिलेलं नाव मी वीस वर्षं तसंच ठेवलं होतं आणि डोळसांचा त्याला काही आक्षेप नव्हता.

मी 'मासा' असं लिहिलं. पुतणी म्हणाली, कुठला? मी 'बांगडा' लिहिलं. ती म्हणाली, कसला? आता कसला म्हणजे काय! मी फोटो छापून घेतला आणि टपरीवर नेला. बांगड्याचं वर्णन बांगडेवाल्यांनी करावं.

मासे विकणाऱ्या मावशींनी फोटो हातात घेतला, लांब धरला, जवळ धरला. "लिही. डोळा वर आलेला हाय, खोल गेलेला नाय. कल्ला लाल. पोट घट्ट. पाठीवर हिरवं चमकतंय. ताजा हाय."

"मावशी, फोटो २००१चा आहे."

"मग तवा ताजा व्हता."

म्हाताऱ्या तांडेलांनी फोटो बघितला आणि सांगितलं की एवढ्या आकाराच्या बांगड्याला पूर्वी कोणी वर उचलत नसे, आणि हे वाक्य साइटीवर गेलंच पाहिजे. लिलावातल्या व्यापाऱ्याने फोटो न बघताच सांगितलं, "शेठ, दर तेवढा लिहू नका." एक तरुण मुलगा म्हणाला की तो बांगडा नाहीच, तिथून भांडण सुरू झालं, आणि चहावाल्याने प्रश्न विचारला की ज्याला दिसत नाही त्याने मासा हातात घेतला तर त्याला हे सगळं न सांगता कळेल की नाही. कळेल. मावशी डोळे मिटून बांगडा आणि तारली वेगळी काढतात, हे मी स्वतः पाहिलंय.

शेवटी मावशींचंच वाक्य घेतलं: पाठीवर हिरवी झाक, लाल कल्ला, घट्ट पोटाचा ताजा बांगडा. पुतणीने ते वाचलं आणि म्हणाली की ती ज्या मोठमोठ्या साइटी तपासते त्यांत इतका चांगला पर्यायी मजकूर तिने पाहिलेला नाही. मग आम्ही प्रत्येक माशाचा फोटो मावशींकडे नेला. शास्त्रीय नावं पुस्तकातून घातली, बांगडा हा रास्ट्रेलिगर कानागुर्टा आहे हे ऐकून मावशी म्हणाल्या, "नाव मोठं ठेवलं म्हणून काय भाव मोठा येणार हाय?" पापलेटाच्या पानावर, सप्टेंबर २०२३मध्ये त्याला महाराष्ट्राचा राज्यमासा जाहीर केलं, हे लिहिलं. त्यावर मावशींचं मत असं की मान मिळाला की मासा दिसेनासा होतो.

रंगांवरून घरात जरा तणाव झाला. निळ्यावर पिवळं पाहून पुतणीने कपाळाला हात लावला होता. तिने स्वतः नवी रंगसंगती केली: पांढरी पार्श्वभूमी, त्यावर फिकट राखाडी अक्षरं. फार नाजूक, फार पुणेरी. मी काही बोललो नाही. दुपारी साडेबारा वाजता फोन घेऊन आम्ही जेटीवर गेलो, पावसाने नेमकी उघडीप दिली होती आणि ऊन पाण्यावरून परत येऊन तोंडावर मारत होतं. तांडेलांना फोन दिला.

"काय लिहिलंय, चाचा?"

"कोरा कागद हाय."

वेबच्या सुगम्यतेचे नियम आहेत, डब्ल्यूसीएजी नावाचे, २००८ साली त्यांची दुसरी आवृत्ती आली आणि ऑक्टोबर २०२३मध्ये २.२. त्यात लिहिलंय की साध्या आकाराचं अक्षर आणि त्याची पार्श्वभूमी यांच्या उजेडाचं प्रमाण निदान ४.५ला १ हवं. मोजायची साधनं फुकट आहेत. पुतणीचा राखाडी रंग मोजला, तो तीनलाही पोचला नाही. मग मी सहज, काही हेतू नसताना, माझं जुनं निळ्यावर पिवळं मोजायला सांगितलं. प्रमाण १४च्या वर निघालं.

मी तेव्हाही काही बोललो नाही. पण बंदरावर बांधलेल्या बोटींच्या नाळीवर रंगाऱ्याने कोणत्या रंगात नावं लिहिलीत, ती तिला एकेक करून दाखवत घरी आलो. लांबून, उन्हात, हलत्या पाण्यावर वाचता यावं म्हणून ते रंग तसे असतात. आता साइटीची पाटी पुन्हा निळी-पिवळी आहे, आणि ते मानकानुसार आहे.

बाकीचे नियमही असेच एकेक करून जेटीवर उतरले. डब्ल्यूसीएजी २.२ म्हणतं की बोटाने दाबायची जागा निदान २४ पिक्सेल लांब-रुंद हवी. ज्याने हे लिहिलं त्याने खलाशाचा अंगठा पाहिलेला नसणार. ओला, खवले चिकटलेला, दोराने चरे पडलेला. आम्ही बटणं त्याच्या दुप्पट केली. दुसरा एक नियम असा की कळफलकाने चालणारा माणूस पानावर कुठे शिरला तर त्याला तिथून कळफलकानेच बाहेर पडता आलं पाहिजे. हा नियम मला कोणी समजावून द्यावा लागला नाही. जाळ्यात शिरलेल्या कासवाला बाहेर पडायची वाट ठेवायला हवी, ती नाही म्हणून अमेरिकेने २०१९पासून भारतातल्या समुद्रात पकडलेली कोळंबी घेणं थांबवलंय. माझ्या साइटीवर कवितांची जी वेगळी खिडकी उघडायची, तिच्यातून बाहेर पडायला वाट नव्हती. ती वाट आम्ही केली. पुतणीच्या मते बहुतेक कासवं त्याच वाटेने जातील.

फोटो भलतेच जड होते, ते हलके केले. शिवाय चित्रांना लावायचा एक गुणधर्म आहे, त्याचं नाव सरळ 'लेझी': चित्र नजरेच्या टप्प्यात येईपर्यंत ते आणायचंच नाही. गरज पडेपर्यंत हालायचं नाही याला मानकांत मान्यता मिळालेली बघून कोकणी माणूस म्हणून मला बरं वाटलं.

सुरक्षेचं प्रकरण मात्र इभ्रतीचं होतं. जुलै २०१८पासून क्रोम ब्राउझर एचटीटीपीएसचं कुलूप नसलेल्या प्रत्येक साइटीच्या पत्त्यापाशी 'सुरक्षित नाही' असं लिहितो. एका जुन्या गिऱ्हाइकाने ते वाचलं आणि दुकानात येऊन, आवाज खाली करून विचारलं, "शेठ, तुमच्या साइटीवर नक्की काय चालतं?" माशांची माहिती, असं सांगितलं तर त्याने मान हलवली, पण विश्वास नव्हता. लेट्स एन्क्रिप्ट नावाची ना-नफा संस्था २०१५च्या अखेरीपासून त्या कुलपासाठी लागणारं प्रमाणपत्र सर्वांना फुकट देते, ते घेतलं. मुदत ९० दिवसांची, नूतनीकरण आपोआप. फुकट आणि आपोआप नूतनीकरण, हे दोन शब्द एकत्र ऐकल्यावर टपरीवर शांतता पसरली. नौकेचा परवाना काढलेली माणसं होती ती.

मधे पुतणीच्या एका सहकाऱ्याने फोनवरून सुचवलं की सगळं काढून रिअॅक्टमध्ये करा. त्यासाठी काय लागेल ते विचारलं. शेकडो पॅकेजं उतरवावी लागतील आणि ती वेळोवेळी बदलावी लागतील. त्या पॅकेजांतली बहुतेक कोणी लिहिली, ते त्यालाही माहीत नव्हतं. एका बांगड्याच्या फोटोसाठी! मी नको म्हणालो. हाताने लिहिलेलं एचटीएमएल, एक सीएसएसची फाइल, संपलं. टेबलात टेबल, त्यात टेबल अशी जी उतरंड मी रचली होती ती काढून सीएसएसचा ग्रिड घातला. ग्रिड २०१७पासून सगळ्या मुख्य ब्राउझरांत आहे. फोनवर मासे एकाखाली एक, मोठ्या पडद्यावर ओळीने. आणि टेबल ठेवलं फक्त भरती-ओहोटीच्या आकड्यांना, कारण टेबल त्यासाठीच असतं, असं मानक म्हणतं आणि माझी शाळासुद्धा म्हणत होती.

शेवटी गूगलच्या लाइटहाउस या तपासणीतून साइट गेली. शंभरापैकी गुण मिळतात. सुगम्यतेत शंभर पडले. टपरीवर बातमी अशी पोचली की शेठ लाइटहाउसच्या परीक्षेत पहिले आले. रत्नदुर्गावर खरं दीपगृह आहे, त्यामुळे दोनचार लोकांनी तिथे नोकरी लागली का म्हणूनही विचारलं. या वयात?

मार्कीवर तडजोड झाली. सरकणाऱ्या मजकुराला थांबवायची सोय हवी, हा नियम. म्हणून 'स्वागत असो'ची ओळ आता सीएसएसने सरकते, शेजारी थांबवायचं बटण आहे, आणि ज्याने फोनमध्ये हालचाल कमी ठेवा असं सांगितलंय त्याच्याकडे ती स्थिरच उभी राहते. फावडंवाला कामगार निवृत्त झाला. काउंटर काढला. चारांतली एक कविता ठेवली आहे, पर्यायी मजकुराशिवाय.

तुमच्यापैकी ज्यांची २००५च्या आधीची मराठी साइट कुठेतरी पडून आहे, त्यांना एक विनंती. रंग, ग्रिड, गुण हे नंतर बघा. आधी त्यातला मजकूर युनिकोडमध्ये उतरवून घ्या, आणि तो जुना फॉन्ट कोणाच्या तरी जुन्या संगणकात अजून आहे तोवर घ्या. फॉन्ट हरवला की कन्व्हर्टरने काय बिघडवलं ते ताडून बघायलाही काही उरत नाही. जिओसिटीजवर ज्यांची पानं होती त्यांना याहूने २००९च्या ऑक्टोबरपर्यंत मुदत दिली होती, आणि पुष्कळांना ती संपल्यावरच कळली. टिम बर्नर्स-ली यांचं १९९१चं जगातलं पहिलं संकेतस्थळ सर्नने २०१३मध्ये त्याच्या मूळ पत्त्यावर परत लावलं. ते माझ्या फोनवर जेटीवरच्या नेटवर्कातसुद्धा क्षणात उघडतं. त्यात एकही फॉन्ट, एकही काउंटर आणि एकही मासा नाही.